नाव लपवलं, आजोळ सांगितलं

सिंगापूर
६ ऑगस्ट १९९५

प्रिय आत्या,

पोचल्याचं पत्र चारच ओळींचं लिहिलं म्हणून तू रुसून बसली असशील, हे मला इथून दिसतंय. पण खरं सांगते, गेले तीन आठवडे मी नुसती आ वासून फिरत होते. आज रविवार आहे, तास नाहीत, म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी इथली रचना सांगते. सत्तावीस वर्षं तू मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होतीस, तुला ती माझ्यापेक्षा लवकर कळेल. विद्यापीठ एक, पण त्याच्या पोटात सहा कॉलेजं. मोठी लेक्चरं विद्यापीठात. राहणं, जेवणं, छोटे वर्ग आणि मुलांची काळजी घेणं, हे सगळं कॉलेजकडे. आमच्या कॉलेजात तीनशे मुलंमुली आहेत. मी गणित शिकवते, आणि दुसऱ्या मजल्यावर मुलींच्या खोल्यांच्या रांगेतच मला दोन खोल्या दिल्या आहेत.

शिकवायचं कसं, तर तीन मुलं आणि मी. तीन! पुण्यात एकशेवीस पोरांसमोर खडू झिजवला, शेवटच्या बाकावरच्यांची नावं परीक्षा आली तरी कळायची नाहीत. इथे मूल फळ्यापाशी उभं राहून गणित सोडवतं आणि मी खाली बसते. त्याचं चुकलं तरी मी तोंड उघडायचं नाही, बाकीच्या दोघांनी विचारायचं, ‘हे असं का?’ पहिल्या दिवशी मी तीनदा उठले आणि तीनदा जीभ चावून परत बसले.

याहून मोठं नवल पुढेच आहे. इथे प्रत्येक मुलाला दोन शिक्षक. एक अभ्यासाचा, एक त्याच्या बऱ्यावाईटाचा. हे दोघे कधीही एकच नसतात, कारण ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्यापाशी मूल मन मोकळं करणार नाही. माझ्याकडे अशा बावीस मुली सोपवल्या आहेत, त्यांतल्या एकीलाही मी गणित शिकवत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येकीला अर्धा तास द्यायचा, चहा करायचा आणि ऐकायचं. ती जे सांगेल ते तिच्या परवानगीवाचून बाहेर न्यायचं नाही, आईवडिलांकडेसुद्धा नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

आणि आमचे मास्टर, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, प्रोफेसर टे. त्यांच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून मी एम.एस्सी. केलं, आठवतं? परवा ते हातात पेजेचा डबा घेऊन जिना चढताना दिसले. वरच्या मजल्यावर एका मुलाला कांजिण्या झाल्या होत्या. मी डबा घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, “नो नीड ला, मला लहानपणी होऊन गेल्यात.” (वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावायची इथे सगळ्यांना सवय.) मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. आत्या, अशीही माणसं असतात.

तुझी
विनीता

नाशिक
१९ ऑगस्ट १९९५

चि. विनू,

तुला आणि तुझ्या उघड्या तोंडाला आशीर्वाद. आता ते मिट, सिंगापुरात माशा नसतील, पण नाशिकची अब्रू आहे.

तीन मुलांचा वर्ग हे मात्र मला खरंच वाटेना. पत्र तीनदा वाचलं. एकशेचाळीस मुली आणि मी एकटी, असा माझा संसार. कोण जेवली नाही ते मला ताटं मोजून कळायचं, का जेवली नाही ते कधी कळलं नाही. बावीस मुलींना अर्धा अर्धा तास! मला असं कुणी दिलं असतं तर मी काय काय केलं असतं, या विचारात आमटी करपली.

परवानगीची भानगड मात्र पटली नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीची परवानगी कसली घ्यायची? मूल आईबापांचं, आपण राखणदार. माझ्या वसतिगृहात मुलीला साधा ताप आला तरी संध्याकाळच्या टपालाने घरी पत्र जायचं, माझ्या हातचं. म्हणून तर येवला, सिन्नर, मनमाडचे लोक डोळे मिटून मुली माझ्या हवाली करत. तुमचे नियम मोठ्या लोकांचे असतील, पण आईपासून लपवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

त्या टे सरांना माझा नमस्कार सांग. पेजेत मीठ होतं का, तेही विचार.

तुझी
कुमुदआत्या

सिंगापूर
१० सप्टेंबर १९९५

प्रिय आत्या,

आज सल्ला हवाय. माझ्या ओळखीची रेक्टर तू एकच आहेस.

माझ्या बावीस मुलींपैकी एक. नाव लिहीत नाही, ते बरोबर होणार नाही. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एप्रिलच्या परीक्षेत दोन पेपरांना ती दहा मिनिटांत उठून बाहेर आली. “हाताला घाम येतो, कागद ओला होतो, मग अक्षरं दिसत नाहीत,” म्हणाली. घरी सांगितलंय की सगळे पेपर सुटले. नोव्हेंबरात तेच दोन पेपर पुन्हा आहेत. नियम असा की बसून नापास झालं तर पुढची संधी मिळते, पण पुन्हा उठून गेलं तर विद्यापीठ सोडावं लागतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगायला तिला तीन बैठका लागल्या.

अभ्यास येत नाही म्हणशील, तर तसंही नाही. माझ्या टेबलाशी चहा पिता पिता तिने एप्रिलचा अख्खा पेपर तोंडी सोडवला. मी बघत राहिले.

तिच्या संमतीने मी प्रोफेसर टे आणि विद्यापीठाच्या डॉक्टरबाईंशी बोलले. परीक्षेला तिला वेगळी छोटी खोली मिळणार आहे. आणि डॉक्टरबाईंनी एक उपाय सांगितलाय: दर गुरुवारी रिकाम्या खोलीत, समोर कोरा कागद ठेवून नुसतं बसायचं. लिहायचं काही नाही, फक्त उठायचं नाही. पहिल्या गुरुवारी ती सहा मिनिटं बसली आणि बाहेर येऊन ओकली. पुढच्या गुरुवारी परत आली. या गुरुवारी चाळीस मिनिटं बसली. ज्या खोलीतून बाहेर येऊन ओकावं लागलं, त्या खोलीचं दार ती स्वतःच्या हाताने उघडते. ही पोर माझ्यापेक्षा धीट आहे, आत्या. मी तिच्या वयाची असताना झुरळाला भिऊन तुझ्या न्हाणीघराची कडी काढत नव्हते.

अवघड आहे ते पुढेच. ती मराठी आहे. वडील बोटीवर चीफ इंजिनियर, आई इथेच, बिशान भागात राहते, आणि आईचं माहेर आपलंच नाशिक, गंगापूर रोड, वडील पोस्टमास्तर होते म्हणे. गणपतीला त्या माउलीने मला जेवायला बोलावलं. आजीने पाठवलेल्या गोड्या मसाल्याची आमटी, अळूवड्या, सगळं साग्रसंगीत. वाढता वाढता म्हणाली, “लेक हुशार आहे हो माझी, कधी काळजीच करावी लागली नाही.” पोर समोर बसून भात चिवडत होती. मी त्या आईचं मीठ खाल्लं आणि तिलाच फसवलं, असं वाटत राहिलं. तू असतीस तर काय केलं असतंस?

विनीता

नाशिक
२४ सप्टेंबर १९९५

चि. विनू,

नाव लिहिलं नाहीस, पण आत्या कोण आहे हे विसरलीस! गंगापूर रोड, पोस्टमास्तर, जावई बोटीवर, मुलगी सिंगापूरला. म्हणजे संजीवनीबाई वैद्यांची स्मिता, आणि ही पोर म्हणजे ऋता! तिच्या बोरन्हाणाला मी गेले होते. माझ्या मांडीत बसून बाईसाहेबांनी सगळ्यांच्या वाटचे चुरमुरे एकटीने फस्त केले होते.

एवढी गुणी पोर कागदासमोर थरथरते हे वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आणि तो कोऱ्या कागदाचा उपाय! मला हे कधी सुचलंच नाही गं. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत कुणी रडायला लागली की मी दटावायचे, ‘डोळे पूस आणि लिही.’ बऱ्याच जणी लिहायच्या. सहा मिनिटांवरून चाळीस मिनिटं म्हणजे काय, ते मी घड्याळ लावून आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिलं. पंधरा मिनिटांत उठून गॅस बंद केलाय का ते बघायला गेले.

तू काय केलं असतंस म्हणून विचारलंस. शुक्रवारी वाचनालयात संजीवनीबाई भेटल्या. त्यांना घरी घेऊन आले, चहा टाकला, धीराचे दोन शब्द बोलले. म्हटलं, काही काळजी करू नका, आमची विनू आहे तिथे, ती बघते आहे सगळं. बिचाऱ्या कितीतरी वेळ कपात बघत बसल्या. बरं वाटलं असावं त्यांना. आपलं माणूस तिथे आहे, याचा केवढा आधार असतो.

तू खात जा नीट.

कुमुदआत्या

सिंगापूर
६ ऑक्टोबर १९९५

आत्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. शनिवारी इथे जे झालं त्याचा अर्थ मला सोमवारी लागला.

शनिवारी दुपारी स्मिताताई कॉलेजात आल्या. शुक्रवारी त्यांना आईचा नाशिकहून फोन आला होता. संजीवनीबाई आठवडाभर आतल्या आत कुढत होत्या, शेवटी त्यांना राहवलं नाही. स्मिताताई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही माझ्या घरी जेवलात.” एवढंच. तेवढ्यात ऋता जिना चढून आली. मुली येत-जात होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर स्मिताताई तिला म्हणाल्या, “हाताला घाम येतो म्हणे तुझ्या, कागद ओला होतो म्हणे.”

ऋताने आईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. ते शब्द तिने जगात फक्त मला सांगितले होते. तासाभरात सामान बांधून दोघी बिशानला गेल्या. “आता माझ्या डोळ्यांसमोर अभ्यास कर,” असं स्मिताताई म्हणत होत्या.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी माझी आहे. मी नाव लपवलं आणि आजोळ सांगितलं. आपल्या माणसांना नाव लागतच नाही, माहेर आणि आजोळ कळलं की पुरे, हे मला ठाऊक नव्हतं का? आणि सल्ला मागायला मला आत्याच हवी होती, खाली मास्टरांचं दार उघडं असताना.

मंगळवारी प्रोफेसर टे यांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना जाईल, असं सगळं मनात धरूनच गेले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती पत्रं कुठे आहेत?” मी म्हटलं, नाशिकला. “ती तिच्याविषयी आहेत. तिला वाचायला मिळाली पाहिजेत.” मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, “तू तिला विकलंस असं ती शनिवारपासून समजते आहे. आज चौथा दिवस. आत्ता जा.” मी म्हटलं, माझा तीनचा तास आहे. म्हणाले, “तो मी घेतो.”

मी पायऱ्या उतरत होते तेव्हा वर्गातून त्यांचा आवाज आला, “गुड आफ्टरनून, माझं नाव टे.” ज्यांना ऐकायला लोक विमानाने येतात, ते माझ्या पहिल्या वर्षाच्या तीन पोरांना आपलं नाव सांगत होते, कारण माझ्याकडून एक चूक झाली होती. मला एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, रडू आवरेना. समोरच्या म्हाताऱ्या चिनी बाईने काही न बोलता कागदी रुमालांचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

बिशानच्या फ्लॅटचं दार स्मिताताईंनी उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. त्यांचंही काही चुकलं नाही. म्हणाल्या, “सगळ्या गंगापूर रोडला कळलं, आणि मला, तिच्या आईला, शेवटी.” ऋता खोलीतून बाहेर आली नाही. मी तिच्या बंद दारासमोर उभी राहून सगळं सांगितलं: कुणाला लिहिलं, काय लिहिलं, का लिहिलं, आणि ते चूक होतं. मी परत आले.

माझी सगळी पत्रं परत पाठव. पुढचं ती ठरवील. माझ्या जागी दुसरी ट्यूटर, म्हणजे बऱ्यावाईटाची शिक्षिका, मागायचा तिला हक्क आहे. परीक्षा सात आठवड्यांवर आली, आणि काल गुरुवारी ती बसायला आली नाही. मी खोली उघडून चाळीस मिनिटं एकटीच बसून राहिले.

विनीता

नाशिक
१५ ऑक्टोबर १९९५

चि. विनू,

तुझं पत्र वाचून मला आधी रागच आला. मी काय कुणाच्या घरी दरोडा घातला? मायेचे दोन शब्द बोलले. सत्तावीस वर्षं शेकडो मुली सांभाळल्या, त्यांतल्या कितीतरी अजून राखीपौर्णिमेला, दिवाळीला पत्र लिहितात, आणि आज माझीच भाची मला शिकवते की कुणाशी काय बोलावं

१६ ऑक्टोबर

वरचं अर्धं पत्र कालचं आहे. फाडत नाही, असू दे. तुलाही कळू दे आत्या कशी आहे ते.

काल संध्याकाळी तुझी पत्रं पाकिटात घालायला काढली आणि सहज वाचायला घेतली. या वेळी त्या पोरीने वाचावीत तशी वाचली. ‘हाताला घाम येतो, कागद ओला होतो.’ विनू, मी संजीवनीबाईंशी नुसते धीराचे दोन शब्द बोलले नव्हते. तुला लिहिताना मी ते लपवलं. हे वाक्य मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. बिस्किट चहात बुडवता बुडवता. वर चुकचुकले. त्या कपात बघत बसल्या होत्या आणि मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय.

मला लाज वाटली. कधी नव्हे ती खरी लाज वाटली. आणि मग एकेक मुलगी डोळ्यांसमोर यायला लागली. माझ्यापाशी रडत रडत काहीतरी सांगितलेली, आणि संध्याकाळच्या टपालाने मी ते तिच्या घरी पाठवलेलं. त्या परत माझ्याकडे का आल्या नाहीत, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. मी म्हणायचे, बघा, आता तक्रार नाही कसली.

पत्रं सोबत पाठवते आहे. त्यात माझी एक चिठ्ठी आहे, ऋतासाठी. ती पाकिटात बंद आहे, तू उघडू नकोस. दिवाळीचं फराळाचं पार्सल करणार होते, पण अनारसे बिघडले. माझं लक्ष नव्हतं.

कुमुदआत्या

सिंगापूर
२९ ऑक्टोबर १९९५

कुमुदआजी,

नमस्कार. मी ऋता. मी मराठी बोलते चांगलं पण लिहिते स्लो, त्यामुळे चुका असतील तर सोडून द्या.

तुमचं सॉरी मला मिळालं. मी अजून इट्स ओके म्हटलेलं नाही. म्हणेन की नाही ते मला माहीत नाही. पण इतक्या मोठ्या माणसाने मला पहिल्यांदाच सॉरी लिहिलं, म्हणून ती चिठ्ठी मी ठेवली आहे.

विनीता मॅडमची सगळी पत्रं मी वाचली. तुमची पण, त्यांनी सगळीच समोर ठेवली आणि बाहेर जाऊन बसल्या. मला वाटलं होतं त्यात मी बिचारी असेन. पण तिथे लिहिलंय की मी त्यांच्यापेक्षा धीट आहे. ते मी परत परत वाचलं. माझ्याबद्दल असं कोणी लिहीत असेल हे मला माहीतच नव्हतं.

तरी मी रागावले आहे. ते घामाचं माझं होतं. ते मी मॅडमना दिलं होतं. तुम्हाला नाही, आजीला नाही, आईला पण नाही. आईला मीच सांगणार होते, पेपर झाल्यावर.

प्रोफेसर टे यांनी विचारलं की दुसरी ट्यूटर हवी का. मी म्हटलं, नको ला. नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे सो टायरिंग. आणि या मॅडम आता इतक्या घाबरल्यात की त्या परत असं करणार नाहीत.

मी कॉलेजात राहायला परत आले. आई हो म्हणाली नाही, पण तिने बॅगेत लाडू घातले. या गुरुवारी मी पंचवीस मिनिटं बसले. आधी चाळीस होती. ठीक आहे.

एक काम करा, प्लीज. माझ्या आजीला माझ्याबद्दल काहीच सांगू नका. वाईट नाही आणि चांगलं पण नाही. मी सांगेन.

ऋता
(चुरमुऱ्यांचं मला आठवत नाही, पण खाल्ले असतील.)

सिंगापूर
२६ नोव्हेंबर १९९५

प्रिय आत्या,

हे पत्र ऋताने आधी वाचलं आहे आणि तुला पाठवायला हो म्हटलं आहे.

गुरुवारी सकाळी नऊला तिचा पहिला पेपर होता, लायब्ररीमागच्या छोट्या खोलीत. एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीशी पर्यवेक्षकाची खुर्ची. पर्यवेक्षक कोण, तर प्रोफेसर टे. इतर पर्यवेक्षक वर्तमानपत्र आणतात, पेपर तपासत बसतात. यांनी काहीच आणलं नव्हतं. पान उलटल्याचासुद्धा आवाज नको, म्हणून.

मी बाहेर बाकावर बसले. साडेआठलाच स्मिताताई येऊन बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. दाराला हातभर काच होती, तिच्यातून ऋताची पाठ दिसत होती.

दहा मिनिटं झाली. स्मिताताईंनी घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. ऋताने पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले. मग ती उठून उभी राहिली.

स्मिताताई अर्ध्या उठल्या. एक पाऊल ती दाराकडे आली असती की सगळं संपलं असतं: हे वर्ष, विद्यापीठ, सगळं. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. प्रोफेसर टे हलले नाहीत. तिच्याकडे बघतही नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी तिला हाक मारू शकत नव्हते, आई असून स्मिताताई मारू शकत नव्हत्या. आत जे चाललं होतं ते सर्वस्वी तिचं होतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि खाली बसली. फ्रॉकला हात पुसले. पेन उचललं.

ती का उभी राहिली आणि का बसली, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

स्मिताताईंनी माझं मनगट धरलं होतं, ते बारा वाजेपर्यंत सोडलं नाही. तीन तास, आत्या! देवळात, समुद्रासमोर, कुठेच मला इतकं लहान झाल्यासारखं वाटलं नव्हतं. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण एक एकोणीस वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली आहे, यापेक्षा मोठं काही मी अजून पाहिलेलं नाही.

बाराला दार उघडलं. ऋताचा चेहरा पांढराफटक होता. स्मिताताईंचं तोंड उघडलं, आणि ‘पेपर कसा गेला’ हे आता येणार, म्हणून मी डोळे मिटले. पण त्या काही बोलल्या नाहीत. ऋताच म्हणाली, “बसले, आई. शेवटपर्यंत बसले.”

“पाहिलं ना मी,” स्मिताताई म्हणाल्या. मग दोघी तिथेच बाकावर बसून डब्यातल्या पोळ्या खायला लागल्या. एक मला दिली. प्रोफेसर टे गुडघे चोळत बाहेर आले आणि ऋताला म्हणाले, “थँक यू. तीस वर्षांत मी इतका शांत बसलो नव्हतो.” पोळीचा तुकडा त्यांनीही घेतला.

पाचपैकी दोनच प्रश्न लिहिलेत. पास होणार नाही, असं ती स्वतःच म्हणते. एप्रिलमध्ये परत देईल. उद्या दुसरा पेपर आहे. आजीला ती स्वतः फोन करणार आहे, केव्हा ते तिच्यावर.

तुझी
विनू

नाशिक
८ डिसेंबर १९९५

चि. विनू,

पत्र मंगळवारी आलं. मी ते दारातच, पोस्टमन उभा असताना वाचलं. तो म्हणाला, “बाई, वाईट बातमी आहे का?” मी नुसती नकाराची मान हलवली. सत्तावीस वर्षं मी मुलींना विचारत आले, किती पडले. बसलीस का, असं मी कुणाला विचारलं नाही.

बुधवारी भाजीबाजारात समोरून संजीवनीबाई. तुझं पत्र माझ्या पिशवीत. “कुमुदताई, ऋताचं काही कळलं का हो?” म्हणाल्या. आणि माझी तर ख्याती तुला ठाऊक आहे, तोंडात तीळ भिजत नाही. ती उभी राहिली, ती बसली, ‘पाहिलं ना मी’, सगळं अगदी ओठांवर आलं होतं. आणि बातमी आनंदाची! सांगितलं असतं तर त्या माउलीने भर बाजारात माझे हात धरले असते. मी मेथीची जुडी उचलली आणि म्हटलं, “मला काय ठाऊक, बाई? तुम्ही तिलाच विचारा.” त्या जरा फुगूनच गेल्या. घरी येऊन मी दार लावलं आणि सगळी मेथी निवडून काढली, चार दिवसांची.

काल संध्याकाळी संजीवनीबाई धापा टाकत माझ्या घरी आल्या. ऋताचा फोन आला होता, वीस मिनिटं बोलली. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, खोली, काच, ते सर, पोळी. मी एकदाही म्हटलं नाही की मला माहीत आहे. “अगं बाई! मग?” एवढंच म्हणत राहिले.

शेवटी त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आवाज खाली केला. पोर का उभी राहिली आणि मग का बसली, तेही तिने आजीला सांगितलंय. आणि म्हणाली, “आजी, हे कुमुदआजींना सांगितलंस तरी चालेल. पण फक्त त्यांनाच.”

विनू, मला रडू आवरेना. संजीवनीबाईंनी ते मला सांगितलं. ते तुझ्या पत्रात नाही, म्हणजे तुला ठाऊक नाही. आणि तुला ते माझ्याकडून कळणार नाही.

कुमुदआत्या